गुपितावर हक्क कोणाचा?

लेखकाच्या ग्रंथांवरील मालकीहक्काला कायद्याने मुदत घातलेली आहे. आपल्या देशात ती लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांची. पूर्वी ती पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या निधनाला १९९१ साली पन्नास वर्षे पूर्ण झाली, तेव्हा ती मुदत दहा वर्षांनी वाढवण्यात आली. आणि २००१ साल सरले तेव्हा त्यांचे साहित्य सर्वांसाठी खुले झाले. आता ते कोणीही छापावे, कोणीही गावे. हे योग्यच झाले. परंतु लेखकाने जे छापायला दिले नाही, जे मनाच्या कोपऱ्यात ठेवले किंवा पत्रांबरोबर जाळून टाकले, त्याचे काय? त्यावरही काही वर्षांनी सर्वांचा हक्क होतो काय? कायदा येथे गप्प आहे. उत्तर द्यायचे ते आपल्या सदसद्विवेकबुद्धीने.

रवींद्रनाथांचे उदाहरण आम्ही सहज घेतलेले नाही. त्यांच्या आयुष्यातील एका कोवळ्या प्रकरणाचा संबंध थेट महाराष्ट्राशी आहे. १८७८ साली सतरा वर्षांचे रवींद्रनाथ विलायतेला निघाले होते. त्यांचे वडीलबंधू सत्येंद्रनाथ हे सनदी सेवेत शिरलेले पहिले हिंदी गृहस्थ. ते तेव्हा अहमदाबादेस न्यायाधीश होते. धाकट्या भावाला इंग्रजी संभाषणाची व रीतिरिवाजांची सवय व्हावी म्हणून त्यांनी त्याला मुंबईस आपले स्नेही डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी ठेवले. हे घराणे मराठी वाचकाला परके नाही. आत्माराम पांडुरंग हे १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे अध्वर्यू. १८८३ साली मुंबईत निसर्ग-इतिहासाची जी प्रसिद्ध संस्था निघाली तिच्या संस्थापकांतही ते होते. मराठी भाषेचे पाणिनी म्हणून ज्यांचा गौरव होतो ते दादोबा पांडुरंग हे त्यांचे वडीलबंधू. अशा घरातील कन्या अन्नपूर्णा. विलायतेहून शिकून आलेल्या, इंग्रजीत पारंगत, वयाने रवींद्रनाथांहून मोठ्या. त्या काळी अशा मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. या घरी रवींद्रनाथ सुमारे दोन महिने राहिले आणि त्या त्यांच्या शिक्षिका झाल्या.

पुढचे आपल्याला ठाऊक आहे ते मुख्यतः रवींद्रनाथांच्याच तोंडून. अन्नपूर्णाबाईंनी या तरुण कवीकडे आपल्यासाठी एखादे नाव मागितले, त्यांनी ‘नलिनी’ हे नाव दिले. तुमच्या चेहऱ्याची रेषा झाकून टाकील अशी दाढी कधी राखू नका, असे त्यांनी विनविले. ही विनंती पाळली गेली नाही हे आज साऱ्या जगाला दिसते. पण ते पाहायला त्या हयात नव्हत्या, अशी खंत कवीने म्हातारपणी नोंदवली आहे. आणखी एक आठवण हातमोज्यांची. झोपलेल्या स्त्रीचे हातमोजे जो चोरील त्याला तिचे चुंबन घेण्याचा हक्क मिळतो, असे एकदा त्यांनी सांगितले आणि थोड्या वेळाने त्या आरामखुर्चीत झोपी गेल्या. जाग आल्यावर त्यांनी पाहिले तो हातमोजे होते तिथेच होते.

एवढीच गोष्ट. २० सप्टेंबर १८७८ रोजी रवींद्रनाथ ‘पूना’ नावाच्या बोटीने विलायतेला गेले. १८८० साली अन्नपूर्णाबाईंचा विवाह बडोद्यास अध्यापन करणाऱ्या हॅरॉल्ड लिटलडेल या गृहस्थांशी झाला आणि १८९१ साली दूर एडिंबरोस, ऐन तारुण्यात, त्या निवर्तल्या. साठी उलटल्यावर रवींद्रनाथांनी ही आठवण दिलीपकुमार रॉय यांना सांगितली. त्या स्नेहाकडे आपण कधी हलकेपणाने पाहिले नाही, असे ते म्हणाले. दिलीपकुमारांनी ते लिहून ठेवले म्हणून आज आपण ते जाणतो. संगीताचे आणि अध्यात्माचे हे उपासक पुढे आपल्या पुण्यातच स्थायिक झाले व १९८० साली येथेच वारले. त्यांचे हरिकृष्ण मंदिर पुणेकरांना परिचित आहे.

२०१८ च्या सुमारास वृत्तपत्रांत बातमी आली की ‘नलिनी’ नावाचा चित्रपट निघणार आहे, विषय रवींद्रनाथ आणि अन्नपूर्णा यांचे प्रेम. त्याआधी, २०१५ साली, रवींद्रनाथांच्या भावजयीवरील ‘कादंबरी’ हा बंगाली चित्रपट येऊन गेला होता. जुन्या काळाचे पोशाख, घोड्यांच्या गाड्या, तेलाचे दिवे आणि त्यांच्या उजेडात एखाद्या थोर लेखकाचे झाकलेले प्रेम, अशा चित्रपटांना जगभर प्रेक्षक मिळतो. आम्ही चित्रपटाचे वैरी नाही. परंतु ‘नलिनी’ची बातमी वाचल्यापासून एक शंका आमच्या मनात घर करून आहे: त्या खोलीतले हातमोजे पडद्यावर जागच्या जागी राहतील काय? ज्या प्रसंगाचे सारे सौंदर्य काहीच न घडण्यात आहे, तो दाखवून तिकिटे खपवण्याचा मोह कोणाला आवरेल?

हाच प्रश्न वेगळ्या रीतीने खडकवासल्यास आमच्यासमोर आला. तेथील काही ख्रिस्ती कुटुंबे अधूनमधून एखाद्या घरी जमतात, चांगला चित्रपट पाहतात आणि मग त्यावर बोलतात. त्यांनी ‘द इनव्हिजिबल वुमन’ हा राल्फ फाइन्स यांचा २०१३ सालचा चित्रपट निवडला होता. चार्ल्स डिकन्स आणि नेली टर्नन या नटीची ती कथा. चित्रपट संपल्यावर एक तरुण म्हणाला, “फादर, मेलेल्या माणसाला कसले आले खाजगी आयुष्य? लोकांना सत्य कळायला नको का?” त्यावर एक शिक्षिका हळूच म्हणाल्या, “त्याचे राहू द्या हो. तिचे काय? तिने ते जन्मभर झाकून ठेवले होते ना? मग त्या पाद्रीबुवांनी काय केले?” चहा आला तरी त्या प्रश्नाचे उत्तर कोणाला देता येईना.

ज्यांनी तो चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे विवेचन करणे भाग आहे. १८५७ साली डिकन्स पंचेचाळीस वर्षांचे होते, नेली अठरांची. डिकन्स दहा मुलांचे वडील आणि सुखी कुटुंबाचे चित्र रंगवणारे साऱ्या इंग्लंडचे लाडके लेखक. १८५८ साली त्यांनी पत्नी कॅथरीनला दूर केले. नेली मात्र पुढे बारा वर्षे, १८७० साली डिकन्स वारले तोपर्यंत, पडद्याआड राहिली. १८६५ साली स्टेपलहर्स्ट येथे आगगाडीला भीषण अपघात झाला, तेव्हा ती व तिची आई डिकन्सबरोबर त्याच डब्यात होत्या. पण त्यांची नावे कोठे येऊ नयेत अशी दक्षता घेण्यात आली. डिकन्सच्या पश्चात नेलीने वय बरेच कमी सांगून एका तरुण पदवीधराशी १८७६ साली लग्न केले आणि मार्गेट गावी त्याच्यासोबत शाळा चालवली. आईच्या पूर्वायुष्याचा हा भाग मुलाला तिच्या मृत्यूनंतरच, म्हणजे १९१४ नंतर, कळला.

मार्गेटचे पाद्री विल्यम बेनहॅम हे तिचे स्नेही होते. मनावरचा भार असह्य झाल्यावर तिने तो त्यांच्यापाशी हलका केला. चित्रपटात हा प्रसंग फार सुंदर आहे. मात्र त्यापुढची हकीकत तेथे येत नाही. बेनहॅम यांनी ते टॉमस राइट या चरित्रकाराला सांगितले आणि राइट यांनी १९३५ साली ते छापले. तोवर नेली नव्हती, बेनहॅमही नव्हते. शिक्षिकाबाईंचा प्रश्न या हकीकतीवर बोट ठेवणारा होता. आणि ज्याने पस्तीसेक वर्षे इतरांच्या मनातले ऐकण्यातच घालवली आहेत अशा माणसाच्या तो वर्मी लागावा, हे स्वाभाविकच होते.

आमच्या ख्रिस्तसभेची शिकवण येथे एक महत्त्वाचा भेद करते. आठवी आज्ञा खोट्या साक्षीविरुद्ध आहे एवढेच आपण सामान्यतः जाणतो. खोटा आळ घेणे हे पाप आहे, हे सर्वांना पटते. परंतु नीतिशास्त्राच्या अध्यापकांनी आम्हांला आणखी एक पाप शिकविले होते: दुसऱ्याचा खरा दोष, सबळ कारण नसताना, ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यापुढे उघड करणे. पहिल्यात असत्य आहे, दुसऱ्यात नाही. तरी दोन्हींत माणसाचे नाव लुटले जाते. चोराने रुपये परत करावेत तसे नाव परत करता येत नाही, म्हणून हे पाप अधिक अवघड. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथातही हा भेद स्पष्टपणे मांडलेला आहे, आणि सत्य जाणण्याचा ज्याला हक्क नाही त्याला ते सांगण्यास कोणी बांधील नाही, अशीही शिकवण तेथे आहे. ‘हे खरे आहे’ एवढ्या एका उत्तराने म्हणून आपली सुटका होत नाही. ‘हे सांगणे कोणासाठी?’ हा दुसरा प्रश्न उरतोच.

येथे कोणी म्हणेल, मग थोरांची पापे झाकून ठेवायची काय? नाही. मौनही अन्यायाचे हत्यार होऊ शकते आणि त्याचा पुरावा डिकन्सच्याच घरात आहे. पत्नीला दूर केल्यावर त्यांनी जून १८५८ मध्ये आपल्याच साप्ताहिकात निवेदन छापून स्वतःची बाजू साऱ्या देशासमोर मांडली. पुढे घराच्या अंगणात हजारो पत्रांची होळी केली. कॅथरीनजवळ ना साप्ताहिक होते ना वाचक. ती गप्प राहिली. १८७९ साली मृत्युशय्येवर असताना तिने पतीची जुनी पत्रे मुलीच्या हाती दिली आणि ती ब्रिटिश म्युझियमकडे सोपवण्यास सांगितले, ते एवढ्यासाठी की एकेकाळी त्यांचे आपल्यावर प्रेम होते हे जगाला कळावे. ही पत्रे उघडणाऱ्याला कोण दोष देईल? ती उघडणे म्हणजे जिचे नाव लुटले गेले तिला ते परत करणे होते. बलवानाने स्वतःच्या सोयीसाठी लादलेले मौन मोडणे हा न्याय आहे. दुबळ्याने स्वतःच्या रक्षणासाठी पत्करलेले मौन मोडणे हा अन्याय आहे. दोहोंस आपण ‘गुपित’ असा एकच शब्द वापरतो, म्हणून घोटाळा होतो.

खडकवासल्याच्या माणसाला हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. मुठेवरचे हे धरण अन्नपूर्णाबाईंच्या तारुण्यात, एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात बांधले गेले. १२ जुलै १९६१ रोजी वरचे पानशेत फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याची भिंतही टिकली नाही आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. पाणी अडवणे वाईट नव्हे. पण अडवलेल्या पाण्याला सांडवा हवा, आणि सांडव्यातून सुटलेल्या पाण्याला लोकांच्या घरांतून नव्हे तर पात्रातून वाट हवी. माणसाच्या मनाचे तसेच आहे. नेलीला कोणाशी तरी बोलणे आवश्यक होते. अशा भरलेल्या मनासाठीच प्रायश्चित्त संस्कार आहे, आणि त्यात ऐकलेले कोणत्याही कारणास्तव, जीव गेला तरी, बाहेर काढण्याची धर्मगुरूला मुभा नाही. बेनहॅम आमच्या पंथाचे नव्हते आणि नेलीने सांगितले ते संस्काराच्या शिक्क्याखाली होते असेही आम्ही म्हणत नाही. पण विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही ठेव असते, मग ती धर्मगुरूपाशी असो, डॉक्टरपाशी असो वा शेजारणीपाशी. ठेव वापरायची नसते.

आता पुन्हा अन्नपूर्णाबाईंकडे वळू. त्यांचे गुपित त्यांच्या पश्चात सांगितले गेले, पण सांगणारा त्या आठवणीचा अर्धा धनी होता आणि त्याने ते आदराने सांगितले. रवींद्रनाथांवर ठपका ठेवण्याचे आम्हांला काही कारण दिसत नाही. आमची तक्रार आपल्याविषयी, म्हणजे वाचक-प्रेक्षकांविषयी आहे. प्रार्थना समाजाच्या पहिल्या पिढीतील एक मुलगी समुद्र ओलांडते, शिकते, परप्रांतीय तरुणाला शिकवते, परधर्मीयाशी विवाह करते आणि परमुलखात देह ठेवते. हे जीवन स्वतःच एका ग्रंथाचा विषय नव्हे काय? तिच्या वडिलांचे आणि चुलत्यांचे नाव आपण शाळेत शिकतो. तिची ओळख मात्र एका कवीच्या चरित्रातील दोन महिने, आणि तीही त्याने दिलेल्या नावाने.

सेमिनरीत संत ऑगस्टीन यांचे आत्मनिवेदन वाचताना हीच बोच आम्हांला लागली होती. आपल्या तारुण्यातील सर्व स्खलने ते परमेश्वरासमोर उघड करतात. ज्या स्त्रीबरोबर ते सुमारे चौदा-पंधरा वर्षे राहिले, जी त्यांच्या अदेओदातस या मुलाची आई, तिला दूर केल्यावर काळजाला पडलेली जखमही ते लपवीत नाहीत. पण तिचे नाव ते सांगत नाहीत. हा तिचा मान राखणे की तिला पुसून टाकणे? दोन्ही बाजूंनी बोलता येईल. आमचे मत असे की आपले पाप सांगताना दुसऱ्याचे नाव वाचवणे हा संतांचा विवेक होता. तथापि त्यामुळे सोळाशे वर्षे आपण त्या स्त्रीविषयी विचारच केला नाही, हा आपला आळस. नाव न सांगणे वेगळे आणि माणूसच विसरणे वेगळे.

याउलट, आपलेच नाव आपल्या हाताने लिहिणारी स्त्री मराठी ख्रिस्ती समाजाला लाभली आहे. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार दुभंगला. पुढे तो जुळला. हा ताटातुटीचा काळ, पतीचा तापट स्वभाव, घरातील विक्षिप्त प्रसंग, सारे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त सांगितले; त्या ग्रंथाचा पहिला भाग १९३४ साली निघाला. एका थोर कवीचे असे अंतरंग उघड झाले म्हणून कोणाला त्यात चहाडी दिसली नाही. कारण सांगणारी त्या दुःखाची स्वतःच धनीण होती, तिने स्वतःलाही सोडले नाही, आणि प्रत्येक पानामागे प्रेम होते. टिळक त्या ग्रंथात लहान होत नाहीत. ते माणूस होतात. लक्ष्मीबाई तर त्याहून मोठ्या होतात. थोर लेखकाच्या घरातील सत्य कसे सांगावे, याचा एवढा निर्मळ धडा आपल्या भाषेत असताना आपण परदेशी पडद्याकडेच का पाहावे, असे कधी कधी वाटून जाते.

शुभवर्तमानात याकोबाच्या विहिरीवरचा प्रसंग आहे. भर दुपारी एकटीच पाण्याला आलेल्या शोमरोनी स्त्रीचे सारे पूर्वायुष्य प्रभू येशूला ठाऊक होते. ते त्याने सांगितले, पण कोणाला? तिलाच. शिष्य तेव्हा गावात अन्न आणायला गेले होते. ते परतले तेव्हा तो तिच्याशी बोलत असल्याचे त्यांना नवल वाटले, पण तिच्याविषयी एक अक्षरही त्याने त्यांना सांगितल्याचे योहान नोंदवीत नाही. ती घागर तेथेच टाकून धावत गावात गेली आणि स्वतःच्या तोंडाने तिने गावकऱ्यांना ते सांगितले. जे सत्य दुसऱ्याच्या ओठांवर लज्जा ठरले असते, ते तिच्या ओठांवर साक्ष ठरले. आम्हांला वाटते, तरुण मित्राच्या आणि शिक्षिकाबाईंच्या प्रश्नांचे एकत्रित उत्तर येथे आहे. सत्य लपवायचे नाही, पण ते ज्याचे आहे त्याच्याकडून यावे. तो बोलू शकत नसेल, तर निदान त्याच्या वतीने यावे; त्याच्या जिवावर येऊ नये.

चरित्रकार आणि दिग्दर्शक यांनीही याच कसोटीला उतरावे. क्लेअर टोमॅलिन यांनी १९९० साली नेलीचे चरित्र लिहिले, त्यावरच तो चित्रपट आधारलेला आहे. नेलीचे घर, तिच्या बहिणी, नाटकमंडळीतील हालअपेष्टा, मार्गेटची शाळा हे सारे त्यांनी शोधून काढले. एका थोर पुरुषाची भानगड म्हणून जी कुजबुजली जात होती, तिला त्यांनी माणूस म्हणून उभे केले. बेनहॅम यांनी केलेला विश्वासभंग त्यामुळे धुऊन निघत नाही. पण एकदा उघडी पडलेली गोष्ट कशी हाताळावी, हे त्यातून शिकता येते. ‘नलिनी’वर जो कोणी चित्रपट करील त्याने अन्नपूर्णाबाईंची मुंबई, त्यांचे विलायतेतील शिक्षण, त्यांचे एडिंबरो दाखवावे, आणि हातमोजे जेथे होते तेथेच राहू द्यावेत.

हा प्रश्न थोरांपुरता आहे असेही कोणी समजू नये. डिकन्सच्या वेळी गुपित पसरायला चरित्रकार लागत असे. आज आपल्या वाड्यावस्त्यांवर प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे. एखाद्या मुलीचे छायाचित्र, एखाद्या घरातील भांडण, एखाद्या विधवेच्या दारी कोण आले याची वार्ता, पाहता पाहता शंभर घरी जाते, आणि पाठवणारा शांतपणे म्हणतो, “खोटे काय आहे त्यात?” अशी वार्ता पसरल्यावर मिस्साला यायचे बंद झालेले चेहरे आम्ही पाहिले आहेत. त्यांच्यापैकी कोणावर चित्रपट निघणार नाही, कोणी चरित्रही लिहिणार नाही. त्यांच्या बाजूने बोलणारे कोणी असेल तर ते शेजारीच. पुढच्या वेळी अशी वार्ता आपल्या हाती येईल तेव्हा ती खरी आहे की खोटी हे तपासण्याआधी ती कोणाची आहे एवढे पाहावे, आणि ती आपली नसेल तर जेथे आहे तेथेच राहू द्यावी.